विमानाचे तिकीट आणि तिन्हीसांजेची भाजी

२०२४ सालच्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. ज्वारीच्या पेरण्या चालू होत्या आणि मी पंचायत समितीत हरभऱ्याच्या बियाण्याच्या याद्या तपासत बसलो होतो. एवढ्यात मंगळवेढ्याकडचे आमचे एक जुने शेतकरी दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून मीही इथे तात्याच म्हणतो. तात्यांचे माझ्याकडचे काम एरवी ठरलेले असते. डाळिंबावरचा तेल्या, नाही तर ठिबकचे अनुदान. त्या दिवशी मात्र त्यांनी धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसली, बसले, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेले दोन पासपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"साहेब, पोरगी बोलावतीया अमेरिकेला. आमा दोघांना. व्हिसाचं तिनं मागंच करून घेतलंय. आता ऱ्हायलं तिकीट. त्ये तेवढं तुमी बघा. तुमी जाऊन आलाय."

मी जाऊन आलो होतो हे खरे. पण कसा जाऊन आलो होतो, हे तात्यांना ठाऊक नव्हते. मी चहा मागवला आणि त्यांना ती हकिकत सांगितली. घराबाहेर ती मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. आज ती इथे लिहितो आहे, कारण आता वाडी-वस्तीवरचीही मुले-मुली परदेशी नोकरीला आहेत, आणि धोतर नेसणारा बाप नि नऊवारी नेसणारी आई विमानतळाच्या रांगेत दिसणे नवलाचे राहिलेले नाही. या मंडळींना तिकिटाविषयी कोणी धड सांगत नाही. जो तो आपापल्या चुकीतून शिकतो, आणि ती चूक फार महाग पडते.

तसा परदेश आपल्या सोलापूरला नवा नाही. आपल्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली मुंबईहून बोटीने चीनला गेले. ते परत आले नाहीत, १९४२ साली तिकडेच वारले. १९४८ च्या जून महिन्यात एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोचले. पण पुढे कित्येक वर्षे विमान हे साहेबांचे, नटांचे आणि पुढाऱ्यांचे वाहन राहिले. १९४५ साली जगातल्या विमान कंपन्यांनी एक संघटना काढली होती. भाडे तिथे ठरायचे आणि सरकारे त्यावर शिक्का मारायची. म्हणजे एस.टी.सारखा सरळ हिशेब, आज काढा नाही तर सहा महिन्यांनी काढा, दर तोच. वर परकीय चलनाची अशी टंचाई, की सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवत. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशातले विमानभाडे मोकळे केले, मग हळूहळू साऱ्या जगात ते मोकळे झाले. आपल्याकडे १९९४ साली विमान कंपन्यांवरचा सरकारी मक्ता उठला. तेव्हापासून विमानाच्या तिकिटाचा बाजार झाला. रोज नवा दर, आणि सकाळी एक तर दुपारी दुसरा.

आता बाजार म्हटला की आपण शेतीवाले म्हणतो, यातले आपल्याला कळते. मीही तसेच म्हटले होते. तीस वर्षे शेतकऱ्यांना मी सांगत आलो, की माल कधी काढायचा आणि कधी थांबायचे हे ज्याला समजले तो तरला. तोच उपदेश स्वतःला लावायला गेलो.

आमची मुलगी जर्मनीत असते. २०२३ च्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. जूनच्या बावीस तारखेच्या आसपास बाळंतपण होते. पहिलटकरीण, घरात दोघेच, तिथे ना सासर ना माहेर. म्हणाली, "बाबा, आईला घेऊन या. पण तिकिटे आत्ताच काढून ठेवा." मी मोबाईलवर पाहिले. मुंबईहून एके ठिकाणी विमान बदलून जायचे आणि यायचे, माणशी अठ्ठावन्न हजार. दोघांचे एक लाख सोळा हजार. मी म्हटले, जून अजून लांब आहे. मार्चअखेरचे पैसे जाऊ देत, उतरेल.

मार्चच्या शेवटी तो आकडा चौसष्टवर गेला. मी म्हटले, आता तेजी आहे, मंदी येईलच. व्हिसाचे कारणही हाताशी होते. व्हिसा पदरात पडण्याआधी पक्के तिकीट काढू नका, असे तिकडूनच सांगतात. ते खोटे नाही. पण थोडा दंड कापून बाकीचे पैसे परत देणारी तिकिटेही असतात. माणशी दोनचार हजार जास्त मोजून ते घेता आले असते. ते मी केले नाही. शिवाय रजेचे गाडे अडले होते. मृगात रजा मागणारा कृषी खात्याचा माणूस म्हणजे आषाढीच्या तोंडावर रजा मागणारा एस.टी.चा ड्रायव्हर. होय-नाही करता करता मे महिन्याच्या मध्यावर व्हिसा आणि रजा दोन्ही हाती आले. त्या दिवशी दर होता चौऱ्याऐंशी हजार.

एवढे पैसे मोजायला जीव होईना. दोन रात्री मोबाईल घेऊन बसलो, तेव्हा मला एक युक्ती सापडली. तेच जर्मनीचे तिकीट दिल्लीहून एकोणसत्तर हजारांना होते. पुणे ते दिल्ली वेगळ्या कंपनीचे सहा हजारांत मिळत होते. बेरीज पंच्याहत्तर. म्हणजे माणशी नऊ हजार वाचले! मी खुशीत सौभाग्यवतींना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "दोनदा विमान बदलायचं? वेळेवर पोचू ना?"

पंधरा जूनला आम्ही पुण्याच्या विमानतळावर बसलो होतो. नेमकी त्याच दिवशी सोलापुरात विमानसेवेला अडचण ठरलेली साखर कारखान्याची चिमणी पाडली. जो तो ते चित्र मोबाईलवर बघत होता, आम्हीही बघत होतो. बाहेर विजा कडाडायला लागल्या आणि पाऊस कोसळला. चारचे विमान सातला उडाले, दिल्लीवर घिरट्या घालून नऊ वीसला टेकले. सामान घेऊन, दुसऱ्या इमारतीत धावत जाऊन पोचेपर्यंत दहा वाजत आलेले. दहाचे विमान. खिडकी तासापूर्वीच बंद झाली होती.

मी म्हटले, पुण्याचे विमान उशिरा आले यात माझा काय दोष? खिडकीवरच्या मुलीने शांतपणे सांगितले, की ते तिकीट वेगळे आणि हे वेगळे. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असती, तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम होते. इथे दोन्ही सौदे मी आपल्या हाताने वेगवेगळे केलेले. शिवाय जाण्याचा भाग चुकला की परतीचाही आपोआप रद्द होतो, हे मला तिथे कळले.

यापुढचे सांगायला अजूनही जड जाते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोळा तारखेला, एका विमानात दोन जागा होत्या. नुसते जाण्याचे माणशी नव्वद हजार. सतरा तारखेच्या रात्री एकसष्ट हजार. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या सामानाच्या गाडीचा दांडा धरून उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मी म्हटले, अजून बावीस तारखेला अवकाश आहे, एका दिवसाने काय बिघडते? सतराचे काढले.

सतरा तारखेच्या संध्याकाळी आम्ही दिल्लीतल्या एका लॉजवर होतो, तेव्हा जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, पाच दिवस आधी. दोघी सुखरूप होत्या. रात्रभर कळा देत होती आणि आईचे नाव घेत होती, हे जावई बोलून गेले, मग ओशाळून गप्प झाले. सौभाग्यवतींनी देवाला हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आम्ही अठराला पोचलो.

पैशांचाही हिशेब सांगून टाकतो. पहिली तिकिटे दीड लाख. दुसरी एक लाख बावीस हजार. परतीचे तिकीट दंड भरून पुन्हा जिवंत करायला दोघांचे अठरा हजार. दिल्लीतला खर्च सात हजार. एकूण दोन लाख सत्त्याण्णव हजार, फेब्रुवारीतल्या एक लाख सोळा हजारांच्या जागी. वरच्या पैशात चांगली खिलार बैलजोडी दावणीला आली असती. पण बैलजोडीचे दुःख मला नाही.

तात्यांनी हे सगळे मान खाली घालून ऐकले. मग हळूच म्हणाले, "पर साहेब, बाजारात थांबलं की सस्तं मिळतंच की. तिन्हीसांजेला मेथीची जुडी पाच रुपयाला देत्यात."

अगदी बरोबर, माझाही हिशेब हाच होता, आणि तो इथेच चुकला. विमानातली जागा हा नाशवंत माल आहे, मेथीपेक्षाही नाशवंत. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मग वाटते, की शेवटी कंपनी जागा फुंकून टाकील. भाजीच्या बाजारात तिन्हीसांजेला विकणाऱ्याला घाई असते. गावी जाणारी शेवटची गाडी धरायची, माल परत न्यायला परवडत नाही, म्हणून तो पडेल भावाने देतो. विमानाच्या बाजारात शेवटच्या दिवशी घाई असते ती घेणाऱ्याला. कोणाचा बाप अत्यवस्थ असतो, कोणाला कामावर हजर व्हायचे असते, कोणाची मुलगी अडलेली असते. हा माणूस काय वाटेल ते देईल हे कंपनीला माहीत असते, आणि त्याच्यासाठीच ती काही जागा मागे ठेवते. चार खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी तिला त्याचे काही वाटत नाही. माल आपण विकायला नेला म्हणजे थांबण्याचा शहाणपणा कामाला येतो. इथे आपण घेणारे आहोत, हेच मी विसरलो होतो.

तात्यांना समजावे म्हणून मी बाजार समितीचेच उदाहरण घेतले. आडतीवर एका शेतकऱ्याचा कांदा आला तरी त्याची वेगवेगळी वक्कले पडतात, गोल्टी वेगळी, मोठा कांदा वेगळा. विमान कंपनी एकसारख्या खुर्च्यांचीच अशी दहाबारा वक्कले पाडते. पहिले वक्कल स्वस्त. ते संपले की दुसरे उघडते, मग तिसरे. म्हणून शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटात वीसवीस हजारांचा फरक असतो, खुर्ची आणि जेवण तेच असूनही. यात आणखी एक खुबी आहे. चौघांचे तिकीट एकदम बघितले आणि स्वस्त वक्कलात तीनच जागा उरल्या असल्या, तर यंत्र चौघांनाही वरच्या वक्कलाचा दर दाखवते. तेव्हा आधी एकाचा दर बघावा, मग सगळ्यांचा. फरक दिसला तर तीन आणि एक असे वेगळे काढावे. "घाऊक घेतलं की सस्तं" हा नियम इथे चालेलच असे नाही.

मग थांबायचेच नाही का? हंगामाच्या बाबतीत मात्र आपली शेतकी बुद्धी खरी ठरते. गड्ड्याच्या जत्रेत खेळण्याला दुप्पट पैसे पडतात, तसा विमानाचाही गड्डा असतो. अमेरिका-युरोपला जायला मे ते जुलै, आणि डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा पहिला आठवडा हा तेजीचा काळ. शाळांच्या सुट्या, लग्ने, नाताळ. दिवाळीच्या आगेमागेही दर चढतो. संक्रांत उलटली की फेब्रुवारी-मार्च मंदीचा, आणि सप्टेंबर महिनाही तसाच. म्हणजे ज्याला तारखेचे बंधन नाही, नुसते लेकीला भेटायचे आहे, त्याने ज्वारी काढून, कडबा रचून निघावे. आपल्याला मोकळीक असते ते दिवस आणि विमान स्वस्त असते ते दिवस बरेचसे जुळतात. आठवड्यातही शुक्रवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवारचे विमान बहुधा स्वस्त पडते. तिकीट कोणत्या वारी काढले याला मात्र फारसा अर्थ नाही, ती अफवा समजावी. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर अख्ख्या महिन्याचे दर दिनदर्शिकेसारखे दिसतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगितले तर तो पाच मिनिटांत दाखवील. तिथे दर बघावा आणि तिकीट शक्यतो कंपनीकडूनच थेट काढावे, म्हणजे पुढे तारीख बदलायची झाली तर मधल्या माणसाच्या दारात उभे राहावे लागत नाही. लांबच्या प्रवासाचे तिकीट दोन ते पाच महिने आधी काढणे, हा माझा आता स्वतःपुरता नियम आहे. महिनाभर दर बघायचा, त्यातला बरा आला की घेऊन टाकायचा, आणि घेतल्यावर पुन्हा बघायचा नाही. कांदा विकल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारभाव बघणारा माणूस सुखाने जेवत नाही.

पण बाळंतपण, लग्न, आजारपण यांची गोष्ट वेगळी. तिथे तारीख आपली नसते. तिथे सोसवेल तो दर दिसला की त्याच दिवशी काढावे. युरोपच्या बहुतेक देशांत पाहुण्याला एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते, म्हणून फार आधी जाऊनही चालत नाही. हिशेब मांडूनच तारीख धरावी, आणि धरली की दोन-चार दिवसांचा अवकाश ठेवूनच पोचावे.

तात्यांनी खिशातून डायरी काढली होती. "अजून सांगा," म्हणाले.

मी म्हटले, सोलापूरकराने मुंबईच धरून बसू नये. मुंबई इथून चारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या घरात. आपल्या पूर्व भागातले विणकर पिढ्यान्पिढ्या तिकडे जातात-येतात. तिथल्या शमशाबादच्या विमानतळावरून आखाती देश, लंडन, फ्रँकफुर्ट अशी थेट विमाने निघतात. पुण्याहूनही थोडी आहेत. तिन्ही ठिकाणचे दर बघावेत, त्यात घरापासूनचे भाडे मिळवावे, मग ठरवावे. दर आणि पट्टी यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. आडत्याने दर चांगला सांगितला तरी हमाली, तोलाई, गाडीभाडे कापून हाती काय येते ते आपण बघतो. तिकिटाचेही तसेच. स्वस्त तिकिटात सामान किती किलो, जेवण आहे की नाही, तारीख बदलायला दंड किती, वाटेत किती तास बसायचे, हे सगळे मांडून पट्टी काढावी. पाच हजार वाचवायला वयस्कर माणसाला परक्या विमानतळावर अठरा तास बसवणे हा काही नफा नव्हे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घरच्या विमानतळापासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट असावे. मध्ये विमान बदलले तरी चालेल, पण एकाच तिकिटावर. सामान थेट पोचते, आणि उशीर झाला तर जबाबदारी त्यांची. जून २०२५ मध्ये आपल्या होटगी रस्त्यावरून गोव्याला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमान सुरू झाले, याचा आनंद मलाही झाला. पण वेगळ्या तिकिटाने इथून उडून त्याच रात्रीचे परदेशी विमान धरायचा मोह कोणी करू नये. एक दिवस आधी जाऊन मुक्काम करावा. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली. आपले विमान कुठून आहे ते तिकिटावर दोनदा वाचावे.

बाकीच्या सूचना थोडक्यात सांगतो. नाव पासपोर्टवर आहे तस्सेच तिकिटावर हवे. माहेरचे-सासरचे, वडिलांचे-नवऱ्याचे असा घोळ आपल्या बायकांच्या कागदांत फार असतो. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवावी. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने उरलेली असावी. काही देशांत नुसते विमान बदलायलाही परवाना लागतो, तो मार्ग धरण्याआधी चौकशी करावी. एजंटाकडून तिकीट घेतले तर त्यावरचा नोंदणी क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून बघावा. तिथे नाव दिसले नाही तर तो नुसता कागद आहे. आणि परदेशी नोकरीबरोबर तिकीट फुकट, असे सांगून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

तात्या गेले. घट बसले, दसरा आला. त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर तिकिटे काढायचे ठरवले होते, आणि खरोखरच सकाळी सोने वाटून झाल्यावर थोरल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आले. मुलगी डॅलसला असते. मेमध्ये जायचे तर माणशी एक लाख अडतीस हजार दिसत होते. फेब्रुवारीअखेर मुंबईहून ब्याण्णव, हैदराबादहून दुबईमार्गे शहाऐंशी, सारे एकाच तिकिटावर. तात्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे. तात्या म्हणाले, "उद्या उतरंल का ह्यो दर?"

"उतरेलही, चढेलही. तुम्हाला परवडतो का?"

"परवडतो."

"मग काढा."

निघण्याच्या आधी काकूंनी सामान दाखवायला मला बोलावले. शेतकी अधिकारी म्हणून माझा उपयोग झाला तो तिथेच. लेकीसाठी डिंकाचे लाडू बांधायचा बेत होता, त्यात वाटीभर खसखस. वाट दुबईची, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, तिच्यापायी माणसे अडकलेली आहेत. खसखस वगळायला सांगितली. तात्यांनी मालदांडीचे दोन किलो बी बांधून ठेवले होते, जावयाच्या परसात पेरायला. मी म्हटले, तात्या, बी परदेशी न्यायला रोगमुक्तीचा दाखला लागतो. बी ठेवा, पीठ न्या, आणि जे नेताय ते तिथे विचारले की खरे सांगा. फळेही ठेवा. युरोपला जाणाऱ्यांनी तर दूध-तुपाचे पदार्थही टाळावेत. काकूंना जरा वाईट वाटले. मग त्यांनी बी काढून घेतलेल्या जागेत पिठाची आणखी एक पिशवी कोंबली.

महाशिवरात्र करून दोघे निघाले. रात्रीच्या बसने हैदराबाद, तिथे एक दिवस आराम, मग विमान. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. दुबईत ढकलणारा पोरगा हिंदी बोलणारा निघाला, काकूंनी त्याला खसखस नसलेला लाडू दिला. अक्षय तृतीयेच्या आधी ते परत आले, मृगाच्या तयारीला पुरेसे आधी. दरम्यान तात्यांनी तिथून मला एक फोटो पाठवला होता. परक्या मुलखातले स्वयंपाकघर, चुलीच्या जागी काचेची शेगडी, तिच्यावर टम्म फुगलेली भाकरी, आणि शेजारी मुलगी आईच्या खांद्यावर डोके टेकून उभी.

मी तो फोटो घरी सौभाग्यवतींना दाखवला. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काकूंचं बरं झालं. वेळेवर पोचल्या."

आणि पुन्हा सूप हातात घेतले.